हातातलं आणि खिशातलं

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात दुपारी चारच्या पुढे चाकणकडून कंपन्यांच्या बस येऊ लागतात. फर्स्ट शिफ्ट सुटलेली असते. उतरलेली मंडळी टपरीवर येतात, आणि चहा हातात पडायच्या आत बऱ्याच जणांचा अंगठा मोबाईलच्या पाठीवर फिरतो. सकाळी गेटवर सिक्युरिटीने कॅमेऱ्यावर चिकटवलेलं स्टिकर नखाने उचकटायचं आणि बाकड्याच्या कडेला चिकटवून टाकायचं, हा रोजचा विधी. लाल, पिवळी, नाव छापलेली, कोरी, सगळी तिथे एकावर एक बसलेली असतात. टपरीवाला अधूनमधून ब्लेड घेऊन खरवडतो, आठवड्यात पुन्हा थर जमतो.

त्या थराकडे बघत मी पुष्कळ चहा प्यायलो आहे. कॅमेरा झाकला, ठीक. पण माणूस आठ तास त्या मशिनसमोर उभा होता. फीड किती, कूलंट किती, कुठल्या पीसला बर येते आणि ती न यावी म्हणून काय करायचं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, बोटांनी चाचपलं. ते तो गेटबाहेर घेऊनच आला. उद्या तो शेजारच्या गटातल्या कंपनीत लागला तर तेही त्याच्याबरोबर जाणार. मग स्टिकरने नेमकं काय झाकलं?

पुढच्या पानांमधलं पुस्तक या प्रश्नाचं आहे. ते माझ्या दोन तरुण वकील स्नेह्यांनी लिहिलं, आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात घातली. मी वकील नव्हे. टूलरूममध्ये आयुष्य गेलं, शेवटची वर्षं ट्रेनिंगला. निवृत्त झाल्यावर प्राधिकरणातल्या घरी रविवारी सकाळी ओळखीची मुलं येऊ लागली. कुणाच्या हातात अपॉइंटमेंट लेटर, कुणाकडे ट्रेनिंगचा बॉण्ड, कुणाच्या मोबाईलवर जुन्या कंपनीच्या वकिलाची इंग्रजी नोटीस. ‘काका, जरा वाचून सांगा.’ मी वाचायचो, अडलं की या दोघांना फोन करायचो. त्या फोनांचं हे पुस्तक झालं.

त्यातलाच एक सेटर. व्हीएमसीवर सहा वर्षं काढलेला, आता दुसरीकडून चांगली ऑफर आलेला. त्याने शर्टाच्या खिशातून तेलकट झालेली छोटी डायरी काढून टेबलावर ठेवली. ऑफसेट, टूलचं आयुष्य, कुठल्या जॉबला कुठली क्लॅम्पिंग, सगळं त्याच्या हस्ताक्षरात. म्हणाला, ‘काका, ही डायरी कुणाची?’ मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्या डायरीकडे मी शेवटी परत येईन.

आधी स्टिकरचा उलगडा करून टाकतो, कारण तो मला स्वतःला उशिरा झाला. ज्याला ट्रेड सीक्रेट म्हणतात, त्याची जगभर साधारण मान्य झालेली व्याख्या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराच्या कलम ३९ मध्ये आहे, आणि भारत १९९५ पासून त्या करारात आहे. माहिती गुप्त हवी, गुप्त असल्यामुळेच तिला बाजारात किंमत हवी, आणि तिसरी अट म्हणजे ती गुप्त राहावी म्हणून मालकाने वाजवी खबरदारी घेतलेली हवी. या तिसऱ्या अटीत स्टिकर बसतं. उद्या भांडण कोर्टात गेलं तर ‘आम्ही रोज प्रत्येकाचा कॅमेरा झाकत होतो’ असं कंपनीला म्हणता येतं. गेटवरचं रजिस्टर, ड्रॉइंगवरचा ‘कॉन्फिडेन्शियल’ शिक्का, बंद केलेले यूएसबी पोर्ट, ही सगळी त्याचीच भावंडं. म्हणजे स्टिकर कॅमेऱ्यावर असलं तरी ते दाखवायचं असतं न्यायाधीशाला. ज्या कंपनीत ड्रॉइंग कॅन्टीनच्या टेबलावर लोळतात, तिला गुपिताचा दावा सांगणं जड जातं.

पेटंटचं याच्या अगदी उलट. पेटंट घेणाऱ्याला आपलं तंत्र छापून जगाला सांगावं लागतं, त्या बदल्यात वीस वर्षांची मक्तेदारी मिळते. २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोने दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरून टीव्हीएसशी भांडण मांडलं आणि ते मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा भांडणाचा कागद कुणालाही वाचता येत होता. गुपिताला मुदत नसते, नोंदणी नसते, आणि ते नेमकं कुठे सुरू होतं नि कुठे संपतं हे कामगाराने कुठे वाचावं, तर कुठेच नाही. अपॉइंटमेंट लेटरमधल्या एका लांबलचक परिच्छेदात ‘सर्व माहिती’ एवढंच लिहिलेलं असतं. सर्व म्हणजे संडासाच्या दाराचा रंगसुद्धा!

आता थोडं आमच्या पट्ट्याबद्दल, कारण इथे ज्ञान चालत आलं आणि चालतच पसरलं.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. जगातल्या बड्या औषध कंपन्या पेनिसिलिनची कृती तिजोरीत ठेवत होत्या त्या काळात इथला कारखाना आंतरराष्ट्रीय संस्थांच्या यंत्रसामग्रीवर आणि तज्ज्ञांवर सुरू झाला. पुढे १९६२ मध्ये एमआयडीसी आली, बजाज आणि टेल्को आले. टेल्कोच्या ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडलेला पोरगा फाईल कशी धरतो यावरून ओळखू यायचा. भोसरीच्या गाळ्यांमध्ये जी लघुउद्योगांची रांग उभी राहिली, तिच्यातले कितीतरी मालक आधी या मोठ्या कारखान्यांत फिटर, टर्नर, टूलमेकर होते. नोकरी सोडली, गाळा घेतला, सेकंडहँड लेथ लावलं आणि जुन्याच कंपनीचं काम घ्यायला लागले. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. कंपनीलाच ते हवे होते. तिच्या पद्धतीने काम करणारा व्हेंडर तिला तयार मिळत होता.

खुद्द बजाजची गोष्ट घ्या. १९६० मध्ये इटलीच्या पियाजिओशी तंत्रसहकार्य झालं, व्हेस्पा इथे बनू लागली. १९७१ मध्ये करार संपला, सरकारने तो पुढे वाढवू दिला नाही, आणि १९७२ मध्ये चेतक आली. तोंडवळा व्हेस्पाचाच. पुढे बजाजच्या स्कूटर परदेशी बाजारात दिसू लागल्यावर पियाजिओने तिकडच्या कोर्टांत दावे लावले. अकरा वर्षं स्कूटर बांधून शिकलेले हात करार संपल्यावर ते विसरणार कसे? लग्नाच्या यादीत चेतकला पहिलं स्थान देणाऱ्या पिढीने हा प्रश्न विचारला नाही. कंपनीच्या बाबतीत आपण त्याला स्वावलंबन म्हणतो. तेच एखाद्या सुपरवायझरने केलं की शब्द बदलतो.

सुपरवायझरचं नाव निघालंच आहे, तर आपल्या देशातला या विषयाचा मूळ खटला एका शिफ्ट सुपरवायझरचाच आहे, आणि तोही महाराष्ट्रातला. कायद्याच्या पुस्तकांत तो गोळीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या नावाने ओळखला जातो. कल्याणजवळ सेंच्युरी रेयॉनचा टायर कॉर्ड यार्नचा कारखाना होता. टायरच्या आत जे मजबूत सूत असतं, ते. त्याचं तंत्र कंपनीने जानेवारी १९६१ च्या कराराने हॉलंडच्या आणि पश्चिम जर्मनीच्या दोन कंपन्यांकडून १ लाख ४० हजार मार्क मोजून घेतलं. करारात अट अशी की सेंच्युरीने हे गुप्त ठेवायचं, आणि आपल्या नोकरांकडूनही तशीच लेखी हमी घ्यायची.

ही साखळी लक्षात घ्या. परदेशी कंपनीने कल्याणच्या कंपनीला बांधलं, आणि कल्याणच्या कंपनीने तीच गाठ शिफ्ट सुपरवायझरच्या गळ्यापर्यंत आणली. आज चाकणच्या एखाद्या ट्रेनीच्या हातात जो सहा पानी कागद पडतो, त्याचाही उगम बहुतेक वेळा असाच दूर कुठेतरी, मोठ्या गिऱ्हाइकाच्या करारात असतो. एचआरमधल्या बाईंनाही तो कुठून आला हे माहीत नसतं. त्या फक्त म्हणतात, ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सही करा.’

हा सुपरवायझर मार्च १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर लागला. डिसेंबरपर्यंत ट्रेनिंग. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने राजीनामा पाठवला, कंपनी म्हणाली मंजूर नाही, परत या. त्याने कळवलं, मला दुसरी नोकरी लागली. दुसरी नोकरी होती राजस्थानात कोट्याला, राजस्थान रेयॉनमध्ये, टायर कॉर्डच्याच कामावर, महिना ५६० रुपयांवर. पगार पहिल्यापेक्षा जास्त होता. एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा, आणि ती ऐकून निगडीतल्या कुणाला आपलाच मेव्हणा आठवणार नाही? सेंच्युरी कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयापर्यंत निकाल कंपनीच्या बाजूने, आणि १७ जानेवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयातही. पाच वर्षांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत, त्याने तसलं काम दुसरीकडे करायचं नाही.

या निकालाचा चुकीचा अर्थ गेली पन्नास-साठ वर्षं नोटिशींमधून फिरतो आहे. कंपन्यांचे वकील त्याचा हवाला देऊन धमकावतात: बघा, सर्वोच्च न्यायालयाने कामगाराला रोखलं. रोखलं खरं, पण करार चालू असेपर्यंत. त्याने कबूल केलेली मुदत पुरी व्हायची होती, आणि मनाई त्याच प्रकारच्या कामापुरती होती. मुदत संपली की माणूस मोकळा. मुदतीनंतरची बंदी ही वेगळी गोष्ट, आणि तिथे १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आडवं येतं. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द, असं ते कलम सांगतं. इंग्रजांनी हे कलम आपल्यासाठी लिहिलं तेव्हा ते त्यांच्या स्वतःच्या कायद्यापेक्षा कडक लिहिलं. तिकडे ‘वाजवी’ बंदी चालते, इकडे नोकरी सुटल्यानंतरची बंदी वाजवी आहे की नाही हे बघायलाही कोर्ट सहसा थांबत नाही.

ज्यांना कलमं लक्षात राहत नाहीत त्यांना मी झहीर खानची गोष्ट सांगतो. आपला श्रीरामपूरचा. जाहिरातीचं काम बघणाऱ्या एका कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता, आणि करार संपल्यावरही दुसऱ्याकडे जाण्याआधी पहिली संधी आम्हालाच द्यायची, असं त्यात कलम. तो दुसरीकडे गेला, कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि मार्च २००६ मध्ये हरली. करार संपल्यावरचं बंधन कलम २७ पुढे टिकलं नाही. डावखुऱ्या बोलरला जे लागू, ते डावखुऱ्या वेल्डरलाही लागू.

मात्र इथेच बरीच मुलं घसरतात. ‘नोकरीनंतर बंदी चालत नाही’ हे ऐकून त्यांना वाटतं, नोकरीनंतर सगळंच चालतं. तसं नाही. कुठे काम करायचं यावरची बंदी पडते, पण गुपित गुपितच राहतं. जागा बदलायचा हक्क तुझा आहे, फाईल न्यायचा नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१६ मध्ये क्रेन आणि कप्प्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या ड्राफ्ट्समनच्या खटल्यात ही फोड केली, आणि आपली न्यायालयंही तिचा आधार घेत आली. नोकराचं कसब, हाताची सफाई, डोक्याची चपळाई ही मालकाची मालमत्ता नव्हे. ती म्हणजे तो माणूसच. तीस वर्षं पोरांना मायक्रोमीटर धरायला शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून बरं वाटलं. ड्राफ्ट्समन जिंकला होता, हेही सांगून टाकतो.

कंपन्यांची आपापसातली भांडणं पुस्तकात बरीच आली आहेत. मी त्यातली आपल्या रस्त्यावरची तेवढी उचलतो.

तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, चाकणला फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. तळेगावचा २०२० मध्ये बंद पडला, पुढे ह्युंदाईने घेतला. आमच्याकडची कितीतरी मुलं या दोन गेटांच्या मधल्या रस्त्यावर मोठी झाली, एकीकडून दुसरीकडे गेली. त्यांना हे माहीत नसतं की गाड्यांच्या धंद्यातलं गुपितांचं सर्वांत गाजलेलं भांडण याच दोन कंपन्यांमधलं आहे. मार्च १९९३ मध्ये जनरल मोटर्सचा खरेदीप्रमुख होसे इग्नासिओ लोपेझ फोक्सवॅगनला जाऊन मिळाला. जनरल मोटर्सचा आरोप असा की जाताना त्याने आणि त्याच्या माणसांनी खोकी भरून कागद नेले: सुट्या भागांच्या किमती, नव्या गाड्यांचे आराखडे, एका स्वस्त कारखान्याची योजना. लोपेझने १९९६ मध्ये फोक्सवॅगन सोडली, आणि जानेवारी १९९७ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिटवून घेतलं. फोक्सवॅगनने १० कोटी डॉलर रोख द्यायचे आणि १ अब्ज डॉलरचे सुटे भाग जनरल मोटर्सकडून घ्यायचे, असं ठरलं.

लोपेझचं काम काय होतं? व्हेंडरचा भाव पिळणं. त्यात तो जगात एक नंबर मानला जायचा. हे वाचल्यावर भोसरीचे माझे दोन मित्र इतके हसले की चहा सांडला. त्यांचं म्हणणं, हा माणूस आम्हाला दर सहा महिन्यांनी भेटतो, फक्त नाव वेगळं असतं. मोठी कंपनी व्हेंडरकडून कॉस्ट ब्रेकअप मागते: मटेरियल किती, सायकल टाइम किती, टूलिंग किती, नफा किती. सोबत प्रोसेस शीट आणि कंट्रोल प्लॅन. वर्षभराने तोच जॉब चिखलीच्या दुसऱ्या गाळ्यात निघतो, तोच क्रम, तसंच फिक्स्चर, दोन रुपये स्वस्त. व्हेंडरने सायकल टाइम कमी करायला रात्री जागवलेल्या असतात, त्याचं गुपित ईमेलने वर गेलं आणि खाली दुसऱ्याच्या शेडमध्ये उतरलं. यावर खटला ऐकलात कधी? मी नाही ऐकला. खाली सांडलेली गुपितं कोर्टात जातात, वर शोषली गेलेली जात नाहीत. पुस्तकात यावर स्वतंत्र प्रकरण असावं असा मी हट्ट धरला होता. वकिलांनी दीड पान दिलं.

आता तळवडे. निगडीहून देहूकडे जाताना सॉफ्टवेअर पार्कमध्ये सिंटेलचं मोठं कॅम्पस आहे. २०१८ मध्ये ही कंपनी फ्रान्सच्या ॲटोसने विकत घेतली. अमेरिकेत आरोग्यविम्याचा हिशेब सांभाळणारं ‘फॅसेट्स’ नावाचं सॉफ्टवेअर ट्रायझेटो कंपनीचं. सिंटेल २०१० पासून तिची सबकॉन्ट्रॅक्टर. २०१२ मध्ये करार बदलला आणि त्याच गिऱ्हाइकांची कामं स्वतंत्रपणे मिळवायची मुभा सिंटेलला मिळाली. मग २०१४ मध्ये ट्रायझेटोला कॉग्निझंटने, म्हणजे सिंटेलच्या प्रतिस्पर्ध्याने, विकत घेतलं. कालपर्यंतचा कॉन्ट्रॅक्टदार एका रात्रीत शत्रूच्या अंगणात. २०१५ मध्ये आधी सिंटेलच कोर्टात गेली. उलटा दावा तिच्यावर आला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने तिच्याविरुद्ध ८५ कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी ती ५७ कोटींच्या आसपास आणली. २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने गुपितं वापरल्याचा ठपका कायम ठेवला, पण वाचलेल्या खर्चाच्या हिशेबाने लावलेली साडेअठ्ठावीस कोटींची भरपाई रद्द केली.

आकडे सोडा. भांडणाची मेख अशी: स्पर्धा करायची मुभा होती, पण ट्रायझेटोच्या कामासाठी हातात आलेली टूल्स आणि टेस्ट केसेस स्वतःच्या कामाला वापरायची मुभा नव्हती. टीममधल्या इंजिनिअरला हा फरक कसा दिसणार? फोल्डर तोच, लॅपटॉप तोच, टीमही तीच. फक्त प्रोजेक्टचा कोड बदललेला.

दुसरं उदाहरण टीसीएसचं, मुळात मुंबईची कंपनी, हिंजवडीत तिची हजारो मुलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालय-समूहात टीसीएसचे लोक एपिक कंपनीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करत होते. एपिकच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकांसाठी जपून ठेवलेली कागदपत्रं होती, टीसीएसला तिथे पूर्ण प्रवेश नव्हता. एकाकडे गिऱ्हाइकाचा नोकर म्हणून मिळवलेलं लॉगिन होतं. त्याने ते सहकाऱ्यांना दिलं. हजारो डाऊनलोड झाले. कंपनीतल्याच एका मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने ही गोष्ट बाहेर काढली, आणि २०१४ मध्ये दावा दाखल झाला. २०१६ मध्ये ज्युरीने ९४ कोटी डॉलर सांगितले, अपिलांनंतर ते २८ कोटींवर आले, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. अपील कोर्टाच्या मते पुरावा टिकला तो एका तुलना-तक्त्यापुरता: एपिकचं सॉफ्टवेअर आणि टीसीएसचं स्वतःचं ‘मेड मंत्रा’ यांची समोरासमोर मांडणी. एक स्प्रेडशीट!

आमच्याकडे पासवर्ड देणं म्हणजे डबा वाटून खाण्यासारखं. ‘अरे माझं लॉगिन घे, काम उरकू दे.’ त्यात लबाडी नसते, मदत असते, वरिष्ठांची घाई असते. पण सिस्टिमच्या नोंदीत नाव पडतं ते लॉगिनवाल्याचं.

आणि आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ती: व्हॉट्सॲप. आमच्या पट्ट्यातली निम्मी ड्रॉइंग व्हॉट्सॲपवरून फिरतात, हे गेटवर स्टिकर लावणाऱ्यालाही माहीत आहे. रात्री अडीचला लाईन थांबते. सुपरवायझर मेंटेनन्सच्या मुलाला झोपेतून उठवतो. मुलगा म्हणतो, फोटो पाठवा. मग स्टिकर निघतं, पॅनलचा फोटो निघतो, सर्किट पाठवलं जातं, लाईन सुरू होते, सकाळी मिटिंगमध्ये साहेब शाबासकी देतात. असं पाच वर्षं चालतं. कंपनीचा फोन नाही, कंपनीचं सिम नाही, मुलाचा स्वतःचा मोबाईल, आणि त्यात कंपनीचे चारशे फोटो. मग तो राजीनामा देतो. त्या दिवसापासून ते चारशे फोटो सेवा न राहता पुरावा होतात. माझ्याकडे आलेल्या नोटिशींपैकी ज्या खरोखर घाबरवणाऱ्या होत्या, त्यातल्या बहुतेकांत फोटो किंवा स्वतःच्या जीमेलवर पाठवलेली फाईल होती. घरी काम करता यावं म्हणून पाठवलेली, कधी उघडलीही नसलेली. राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात पाठवलेली असेल तर विचारूच नका. तारीखच सगळं बोलून जाते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने डेटा उतरवून घेणं हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा होऊ शकतो. हेतू अप्रामाणिक नव्हता हे सांगायला मुलाला वकील करावा लागतो.

म्हणून मी एकच सवय लावायला सांगतो. नोकरी सोडताना फोन मुकाट्याने पुसायचा नाही, पुसणंही संशयाचं ठरतं. कंपनीला लेखी कळवायचं की माझ्या मोबाईलवर कामाचे फोटो आहेत, कुणासमोर काढायचे ते सांगा. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी तुमचा ईमेल आहेच. आणि ज्यावर सही केली त्या कागदाची प्रत मागून घ्यायची. प्रत मागितली की एचआरचा चेहरा कसा होतो ते बघण्यासारखं असतं. दहातल्या आठ जणांकडे स्वतः सही केलेल्या कागदाची प्रत नसते, कंत्राटदाराच्या मुलांकडे तर नसतेच.

बॉण्डबद्दल थोडक्यात, कारण पुस्तकात ते सविस्तर आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. त्या आधारावर हल्ली कुणीही उठतो आणि ट्रेनीला बॉण्ड दाखवतो. ती सरकारी बँक होती, तिच्या भरतीला जाहिरात, परीक्षा, पुन्हा जाहिरात असा खर्च होता, आणि कोर्टाने त्याचा विचार केला. तीन दिवस सेफ्टीचे व्हिडिओ दाखवून त्याला ट्रेनिंग म्हणणारा, वर मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेणारा कंत्राटदार म्हणजे विजया बँक नव्हे.

भारतात गुपितांचा स्वतंत्र कायदा अजून नाही. मार्च २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली आणि मसुदाही जोडला. नोकराने नेहमीच्या कामातून मिळवलेलं कौशल्य आणि अनुभव हे गुपित धरायचं नाही, असं त्यात आहे, आणि लोकहितासाठी गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण द्यायचा विचारही आहे. कायदा होईल तेव्हा ती वाक्यं जागेवर राहतात का, यावर आमच्या भागातल्या युनियनवाल्यांनी डोळा ठेवायला हवा. आजवर त्यांच्या मागणीपत्रकात हा विषय मी पाहिलेला नाही. पगारवाढ, कॅन्टीन, बसचा रूट, पर्मनंट करणं, सगळं असतं. सही केलेल्या कागदाची मराठी प्रत मिळावी, एवढी एक ओळ अजून कुणी घातलेली नाही.

त्या सेटरच्या डायरीचं राहिलं. वकील मित्रांना विचारलं तर एक म्हणाला कंपनीची, दुसरा म्हणाला बघावं लागेल. मग एका रविवारी मी आणि तो मुलगा डायनिंग टेबलावर डायरी घेऊन बसलो. पान पान बघितलं. पार्ट नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, कंपनीने दिलेले पॅरामीटर जिथे जिथे होते, त्या पानांवर त्याने पेन्सिलीने फुली मारली. ‘स्टेनलेसला घाई नको’, ‘पातळ भिंत शेवटी घे’, ‘आवाज बदलला की इन्सर्ट बघ’ असली पानं सोडली. मधेच एका पानावर अडलो. त्यावर एका जॉबचा क्लॅम्पिंगचा क्रम होता, आणि तो क्रम त्याने स्वतः शोधला होता, पण कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या मशिनवर. बराच वेळ गेला. बायकोने दुसऱ्यांदा चहा केला. शेवटी त्यानेच फुली मारली आणि म्हणाला, ‘राहू दे काका, तो जॉब तिथेच आहे. नवीन ठिकाणी दुसरा असेल.’

बावीस पानं निघाली. त्याने ती स्टेपल करून शेवटच्या दिवशी आपल्या इन्चार्जच्या हातात दिली आणि मिळाल्याची सही मागितली. इन्चार्जला काय करावं कळेना, म्हणून त्याने गेटवरच्या मटेरियल रजिस्टरमध्ये नोंद करायला लावली. वर्णनाच्या रकान्यात सिक्युरिटीने लिहिलं: ‘कागद, जुने, २२ नग.’